बारा इंचांचे पान

"कोटेड हवं का क्लिअर?"

धोबीतलावच्या दुकानातल्या मुलाने हे इतक्या सहजपणे विचारले, की जणू मी चहाच्या टपरीवर उभा होतो आणि साखर कमी की जास्त एवढाच प्रश्न होता. मी सांगलीकडचा शाळामास्तर. शाळेच्या लेझीम पथकाचा ढोल फुटला की त्याचे पान बदलून आणण्याचे काम गेली अठरा वर्षे माझ्याकडे आहे. त्यामुळे चामड्याचे पान आणि फायबरचे पान असे दोन प्रकार मला ठाऊक होते, आणि या विषयात आपण अगदीच अडाणी नाही असा माझा समज होता. पण इथे भिंतीवर खालपासून वरपर्यंत पांढरी, दुधी, काचेसारखी पारदर्शक, मधोमध काळा ठिपका असलेली अशी पाने टांगलेली होती आणि त्यांतले आपले कोणते, ते मलाच सांगायचे होते.

"सिंगल प्लाय देऊ का डबल?" त्याने दुसरा प्रश्न टाकला.

वर्गात मी पोरांना अचानक उभे करतो तेव्हा त्यांना आतून काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळले.

"काका, वाजवायचं काय आहे? रॉक? जॅझ?"

"वाजवणारा माणूस ऐंशी वर्षांचा आहे," मी म्हणालो, "आणि ड्रमसेट त्याच्याहून वीसएक वर्षांनी लहान. प्रीमियर कंपनीचा."

तो मुलगा स्टुलावरून खालीच उतरला. "जुना प्रीमियर? इंग्लंडचा? काका, रिंगो स्टार लुडविग घ्यायच्या आधी तोच वाजवायचा, ठाऊक आहे?" मला ठाऊक नव्हते. पण आमच्या मामांचे आणि बीटल्सवाल्या रिंगोचे १९६३ पर्यंत एकाच दुकानी खाते होते, हे ऐकून माझी मान उगीचच ताठ झाली.

आता मामांविषयी सांगितले पाहिजे. मामा गोदीत कारकून होते आणि गिरगावातल्या एका चाळीत, दोन खोल्यांत, मामी, दोन मुली आणि हा ड्रमसेट असे राहत. दिवसा मालाच्या नोंदी करायच्या आणि शनिवारी रात्री वाद्यवृंदात वाजवायचे. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत तर हा माणूस घरी फक्त आंघोळीला येत असे. त्यांना शिकवले ते धोबीतलावच्या एका कुडीत राहणाऱ्या गोवेकर ड्रमवाल्याने. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या लोकांसाठी चालवलेली राहण्याची जागा. मुंबईच्या सिनेमासंगीताला पाश्चात्त्य वाद्यांचा साज चढवणाऱ्या कितीतरी गोवेकरांनी पहिली वळकटी तिथेच पसरली. मामा त्या गुरूला 'पात्रांव' म्हणत. १९६६ साली पात्रांवला बोटीवरच्या बँडमध्ये नोकरी लागली आणि जाताना त्याने आपला ड्रमसेट मामांना नऊशे रुपयांना, हप्त्याने दिला. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मामांनी नवा शर्ट शिवला नाही, असे मामी आजही ज्याला त्याला सांगते. त्यात तक्रार किती आणि अभिमान किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या ड्रमसेटची पाने वासराच्या कातड्याची होती. १९५७ पर्यंत जगातल्या बहुतेक ड्रमांची तशीच असत. त्या साली लॉस एंजल्समध्ये रेमो बेली नावाच्या एका ड्रमवाल्याने पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मचे पान ॲल्युमिनियमच्या कड्यात बसवून विकायला काढले. आणखीही काही लोक त्या सुमारास याच खटपटीत होते; पण दुकान वाढले ते त्याचे. कारण उघड होते. कातडे म्हणजे हवेच्या लहरीवर चालणारी वस्तू. पावसाळ्यात ते ओल ओढून सैल पडते आणि भरल्या ताटावर रुसलेल्या जावयासारखे तोंड करून बसते. उन्हाळ्यात इतके आवळते की काठीच्या पहिल्या फटक्याला फाटेल अशी धास्ती. आपल्याकडे हलगीवाला शेकोटीपाशी हलगी धरून बसतो तो हौसेने नव्हे. प्लॅस्टिकला यातले काहीच नाही. म्हणून दहा-पंधरा वर्षांतच कातडे मागे पडले. मामांनीही पुढे साइड ड्रमवर प्लॅस्टिक चढवले. पण पायाच्या मोठ्या ढोलावर आणि त्याच्यावर बसणाऱ्या बारा इंची टॉमवर शेवटपर्यंत कातडेच ठेवले. "प्लॅस्टिक बोलतं, कातडं उत्तर देतं," असे ते म्हणत. त्या वयात मला त्याचा अर्थ कळत नव्हता.

मुंबईच्या पावसाळ्यात कातडे सांभाळायचे म्हणजे दिव्यच. मामांनी मोठ्या ढोलाच्या पोटात पंचवीस वॅटचा बल्ब बसवला होता. आतल्या उबेने कातडे कोरडे राही. विलायतेतल्या जुन्या ड्रमवाल्यांचीही हीच युक्ती होती, असे मी नंतर वाचले. पण आम्हां पोरांना त्या उबेशी काय कर्तव्य! संध्याकाळी मामा बटण दाबत आणि तो ढोल आतून पिवळा उजळे. पुढच्या पानावर एका पेंटरकडून रंगवून घेतलेली अक्षरे चंद्रावरच्या डागांसारखी दिसू लागत. मामीला मात्र वासराचे कातडे घरात असणे कधी मानवले नाही. वर्षभर ती सोसायची. पण वसुबारसेला सकाळीच त्या सगळ्या ड्रमसेटवर एक जुनी चादर टाकायची आणि गाईची पूजा आटोपून दुसरा दिवस उजाडेपर्यंत ती कुणाला काढू द्यायची नाही.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. पस्तीस वर्षे ती मी कुणाला सांगितली नव्हती.

१९८९ चा जून. मी दहा वर्षांचा होतो. पाचवीसाठी नवी कंपासपेटी मिळाली होती आणि शाळा सुरू व्हायला चार दिवस असल्यामुळे तिचा उपयोग कशावर करावा या विवंचनेत मी होतो. बाहेर पहिला पाऊस कोसळत होता. मामा कामावर, मामी खाली नळावर. मोठा ढोल उजळला होता. माझ्या मनात आले, की याच्या पोटात दिवा आहे तर या छोट्याच्या पोटात काय असेल? कान लावून पाहिले. टिचकी मारून पाहिली. शेवटी कर्कटक काढले आणि टॉमच्या पानाला, अगदी कडेला, एक भोक पाडून त्याला डोळा लावला. आत अंधार होता.

संध्याकाळी मामांनी काठी उचलली आणि टॉमवर नेहमीसारखा एक हात टाकला. ताणलेले कातडे ते. भोकापासून निघालेली चीर वीतभर धावली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. नवे कापड फाडताना होतो तसा, पण त्याहून ओला. मामी म्हणाली, "उंदरानं कुरतडलं असणार." मी मान डोलावली. मग आठ दिवस कॉटखाली सापळा लागला आणि दोन उंदीर सापडलेही. त्यांच्यासाठी मला त्या वेळी वाईट वाटले होते, मामांसाठी वाटायला उशीर लागला. कारण मी सांगलीला परतलो, आणि पुढच्या दिवाळीत गेलो तेव्हा ड्रमसेट माळ्यावर गोणपाटात बांधलेला होता. मामांनी वाजवणे सोडले होते. कुणी विचारले तर ते म्हणत, "टॉम फाटलाय हो. त्या मापाचं कातडं आता मिळत नाही." मी कोपऱ्यात बसून चकली खात होतो. ती घशाखाली उतरेना.

म्हणजे पाहा, एका माणसाचे पंचवीस वर्षांचे वेड मी कंपासपेटीने संपवले होते. पुढे मी शिकलो, मास्तर झालो, चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या दोहोंत अपराध लपवणारा नायक आहे. टीकाकारांना त्यात रशियन कादंबरीची छाया दिसली. त्यांना गिरगावातला टॉम कुठून दिसणार!

निवृत्त झाल्यावर मामा सांगलीला गावभागात येऊन राहिले. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणे सावरले, चालणे सावरले. उजवा हात मात्र कच्चा राहिला. गेल्या वर्षी आश्विनात त्यांचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले, तेव्हा मामी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली, "समारंभ होईल रे. पण त्यांना एकदा ते वाजवायला मिळेल असं बघ." हे तिने म्हणावे! मी लगेच हो म्हटले. माझ्या हो म्हणण्यामागे काय होते ते तिला ठाऊक नव्हते.

तर असा मी धोबीतलावला उभा होतो.

तो मुलगा मोठा गोड निघाला. त्याने मला शिकवायला घेतले आणि मास्तरला शिकवण्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर लपत नव्हता. पानाची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. त्या भागाला मिल म्हणायचे. दहा मिलचे एकपदरी पान म्हणजे रोजची पोळीभाजी. जगात सर्वांत जास्त तेच चालते. साडेसात मिलचे त्याहून नाजूक. सात-सात मिलचे दोन पदर एकमेकांवर ठेवलेले पान दणकट. रोज रात्री धोपटणाऱ्याला ते बरे, पण हलक्या हाताला ते दाद देत नाही. साइड ड्रमच्या पोटाखालचे पान तर फक्त तीन मिलचे, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. कारण त्याला लागून असलेल्या तारांनी नुसत्या श्वासानेही थरथरायला हवे. क्लिअर म्हणजे नितळ पारदर्शक. त्याचा आवाज उघडा, टणटणीत. कोटेड म्हणजे वर पांढऱ्या रंगाचा खरखरीत लेप दिलेले. आवाज थोडा मऊ, आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर ब्रश चालतो. ब्रश म्हणजे तारांचा झाडूसारखा पंखा. काठीऐवजी तो पानावर नुसता फिरवायचा, म्हणजे पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. क्लिअर पानावर तो मुकाट घसरतो.

मला मोह झाला तो क्लिअरचा, हे कबूल करतो. आत काय आहे ते न भोसकता दिसते! पण मामांचा उजवा हात डोळ्यांपुढे आला. काठी आपटण्याची ताकद त्यात उरलेली नव्हती. ब्रश फिरवण्याइतकी कदाचित होती. मी कोटेड, एकपदरी, दहा मिल सांगितले. मुलाने मान डोलावली. मग त्याने आणखी एक पान काढून दाखवले. ते होते प्लॅस्टिकच, पण त्यात तंतू मिसळून त्याला कातड्याची कांती आणलेली. लांबून पाहिले तर वाटावे वासराचेच. ते मी परत दिले. कॉपी पकडण्यात उभे आयुष्य गेलेल्या माणसाला असला माल रुचत नाही.

"आणि काका, जुने ड्रम आहेत," निघताना तो म्हणाला, "काठ गोल असतील, कातड्यासाठी केलेले. फार आवळू नका. समोरासमोरच्या चाव्या थोड्या थोड्या फिरवा, एका बाजूनं ओढत जाऊ नका."

घरी आल्यावर मामीच्या साक्षीने कामाला लागलो. मोठ्या ढोलाचे मागचे पान बदलले. पुढचे, अक्षरांचे, मात्र तसेच ठेवले. साइड ड्रमचे वरचे-खालचे बसले. जमिनीवर उभा राहणारा सोळा इंची टॉमही होता. पण सांगलीला आल्यापासून मामीने तो उलटा करून त्यात तांदूळ ठेवले होते आणि "नवीन तांदूळ येईपर्यंत तो मी रिकामा करणार नाही" असे तिने बजावले. राहिला बारा इंची टॉम. माझा टॉम. मी पान वर ठेवले, दाबले. ते एका बाजूने बसले आणि दुसऱ्या बाजूने वरच राहिले. फिरवून पाहिले, तोच प्रकार. लहानपणीची टोपी मोठ्या डोक्यावर बसवावी तसे ते दिसत होते.

पट्टी लावली. पानावर बारा लिहिले होते, ते खरे होते. टॉमही बाराचा म्हणूनच विकलेला. पण तो भरला बारा आणि वर जवळजवळ एक सूत! दुकानातल्या मुलाला फोन केला, तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "अरेरे, ते मी विसरलोच." मग उलगडा झाला. १९२२ साली लंडनमध्ये निघालेली आणि १९४० साली कारखान्यावर बॉम्ब पडल्यावर लेस्टरकडे गेलेली ही कंपनी साठीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत आपल्या टॉमची खोडे इतरांपेक्षा किंचित जाड मापाने करी. जगभर मापे एक झाली तेव्हा तिनेही ती स्वीकारली. पण तोवर निघालेले टॉम तसेच राहिले. त्यांच्यासाठी जुन्या मापाची पाने मिळतात, पण ती परदेशातून मागवावी लागतात. "पाच-सहा आठवडे धरा, काका." समारंभ अकरा दिवसांवर होता.

आमच्या पेठेतला सुतार म्हणाला, "मास्तर, त्यात काय! वरनं पॉलिशपेपर मारतो, सूतभर उतरवतो. पान गुमान बसंल." त्याचे म्हणणे वेडगळ नव्हते. पुष्कळ लोक असेच करतात, हे मी नंतर ऐकले. पण टॉम त्याच्या मांडीवर होता, कागद त्याच्या हातात होता, आणि मला एकदम दहा वर्षांच्या मुलाच्या हातातले कर्कटक दिसले. एकाच माणसाने एकाच ढोलकाला दोनदा भोसकायचे? मी टॉम उचलला आणि सुताराच्या हातावर चहाचे पैसे ठेवून निघालो. माझे काय बिनसले ते त्याला कळले नाही.

मामांना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते. ते खिडकीशी बसले होते. सगळे ऐकून घेतले आणि हसले. "पात्रांव म्हणायचा, साहेब गेला तरी त्याचा इंच गेला नाही." मग म्हणाले, "माझी पत्र्याची ट्रंक काढ. तळाशी बघ."

तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक गोल चवड होती. आत कातडे. मळकट पिवळे, पापडासारखे कडक, कुठेही न शिवलेले, न टोचलेले. आणि टॉमच्या मापाला पुरून उरेल एवढे.

मी ते पाहत नव्हतो. मी कागद पाहत होतो. वर्तमानपत्रावर तारीख होती ऑगस्ट १९८७ ची.

दोन वर्षे आधीची. म्हणजे पान फाटले त्या दिवशी हे कातडे घरातच होते.

"मामा," मी विचारले, "मग तेव्हाच का नाही चढवलंत?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मामी आतून आली होती, ती दारातच थांबली.

"ऑक्टापॅड आला होता रे," ते म्हणाले. १९८५ साली रोलँड या जपानी कंपनीने काढलेले ते यंत्र. आठ रबरी चौकोन. त्यावर ढोल वाजतो, तबला वाजतो, काच फुटते, घोडा धावतो. एका पोराने खांद्याला पिशवी अडकवून लोकलने यावे आणि रात्रभर वाजवून पहाटेच्या गाडीने जावे. ना टेम्पोचे भाडे, ना पावसाची भीती. "दोन वर्षं मला बोलावणी कमी कमी होत होती. शेवटच्या गणपतीत एकच रात्र मिळाली. तीसुद्धा कुणीतरी आजारी पडला म्हणून. पंचेचाळिशी झाली होती माझी. लोकांना काय सांगणार, की आता आम्हांला कोणी विचारत नाही? तेवढ्यात टॉम फाटला. मी म्हटलं, बरं झालं. टॉम फाटलाय म्हणून वाजवत नाही, असं सांगता येतं. त्यात लाज नाही."

माझी पंचेचाळिशी त्याच महिन्यात भरली होती. गेल्या दोन वर्षांत दिवाळी अंकांकडून मला येणारी पत्रे किती कमी झाली होती ते मी मनातल्या मनात मोजले.

मी म्हणालो, "मामा, ते उंदरानं—"

"उंदीर इतकं गोल भोक पाडत नाही," मामा म्हणाले. "आणि तुझ्या कर्कटकाच्या टोकाला केस चिकटला होता कातड्याचा. मी तो पुसून पेटीत ठेवला."

मामीने कपाळावर हात मारला. "आणि मी आठ दिवस सापळा लावतेय!"

त्यानंतर काम उरले होते ते कातडे चढवण्याचे. ते मिरजेला झाले. मिरज सतारींची म्हणून ओळखली जाते. पण तबल्याची पुडी घालणारेही तिथे आहेत, आणि त्यांतल्या एका म्हाताऱ्या चाचांकडे आमच्या शाळेचा तबला जातो. टॉम पाहून ते आधी म्हणाले, "ये हमारा काम नहीं मास्टर." मग कातडे उजेडाला धरून म्हणाले, "माल अच्छा है." मग बसलेच. मामांना आम्ही रिक्षाने नेले होते. ते खुर्चीवरून सूचना देत होते आणि चाचा त्यांतली एकही ऐकत नसल्यासारखे दाखवून सगळ्या पाळत होते.

कातडे साध्या पाण्यात तासभर भिजवले. गरम पाणी नाही, गरम पाण्याने ते आखडून वाया जाते. पापडाचे हळूहळू ओले फडके झाले. ते फळीवर पसरून त्यावर जुन्या, फाटक्या पानाचे लाकडी कडे ठेवले. मग कातड्याची कड त्या कड्यावर उलटी घेऊन चमच्याच्या दांड्याने आतल्या बाजूला खोचत जायची. एक इथे, एक समोर, मग मधल्या जागा. तबल्याला वादी, इथे नुसती खोच. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले, की प्लॅस्टिकच्या पानाला आपले माप असते. याला काही मापच नव्हते. ओले कातडे टॉमवर ठेवले, ते काठावरून खाली ओघळले आणि जसा होता तसा तो टॉम त्याने झाकला. वर सूत असो की दीड सूत.

खोचण्याआधी मामांनी पेन्सिल मागितली होती. दर वेळी पान चढवताना आतल्या बाजूला तारीख घालायची त्यांची रीत. फाटक्या पानाच्या पाठीवर त्यांच्याच अक्षरात १९७८ होते. या वेळी पेन्सिल त्यांनी माझ्यापुढे धरली. ओल्या कातड्यावर ती नीट उमटेना; तरी मी तारीख लिहिली.

"आता दोन दिवस सावलीत. आणि घट्ट करू नकोस," मामा म्हणाले. "वाळताना ते आपलं आपण ओढून घेतं."

दोन दिवस मी तो टॉम घरात माझ्या लिहिण्याच्या टेबलाशेजारी ठेवला होता. ऑक्टोबरचे ऊन बाहेर तापत होते. दुसऱ्या रात्री झोपेतून उठून मी बोटाने टिचकी मारली, अगदी कडेला, आणि पुन्हा जाऊन निजलो.

समारंभ रविवारी झाला. औक्षण, चांदीच्या चाळणीतून फुले, पेढे, जावयांची भाषणे. हे सगळे दर घरी होते तसेच. माणसे पांगल्यावर मामा ड्रमसेटमागे जाऊन बसले. डाव्या हातात ब्रश, उजव्यातही ब्रश, पण तो मामीच्या केसांच्या रबरबँडने मनगटाला बांधलेला. आधी साइड ड्रमवर ब्रश फिरला. त्या मुलाचे कोटेड पान खरेच पावसासारखे वाजले. चांगले पान आहे; माझी त्याच्याविषयी काही तक्रार नाही. मग डावा हात टॉमवर आला, आणि तो आवाज निराळा होता. खाली उतरणारा, थोडा जाड, आणि तुटण्याऐवजी विरणारा. मामा थांबले. पुन्हा तेवढाच एक ठोका दिला आणि मान किंचित वाकडी करून ऐकत राहिले. प्लॅस्टिक बोलते आणि कातडे उत्तर देते म्हणजे काय, ते तेव्हा मला समजले असे म्हणवत नाही. पण ते काहीतरी विचारत होते आणि काहीतरी ऐकत होते, एवढे दिसत होते.

नातवंडांपैकी कुणीतरी मोठ्या ढोलाच्या पोटातला बल्ब लावला. मी तो बदलून ठेवला होता. जुना उडाला होता, आणि पंचवीस वॅटचा पिवळा बल्ब मिळवायला मला पानांइतकीच पायपीट करावी लागली. ढोल उजळला. अक्षरांतली दोन पुसून गेली होती.

मामी आतून ती जुनी चादर घेऊन आली. "पुरे आता," ती म्हणाली. "उद्या वसुबारस आहे."

"अगं, उद्या आहे ना?" मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत म्हणाले. "अजून साडेदहाच होतायत."

मामीने चादर घडी करून मांडीवर घेतली आणि ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.